पाठ नसलेली खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. खुर्ची म्हटलं की आमच्या बारामती-इंदापूर भागातल्या माणसांचे कान टवकारतात, म्हणून आधीच सांगते, मी ती नव्हे. माझ्यासाठी कधी कुणी उभं राहिलं नाही आणि पडलंही नाही. म्हणजे एक जण पडला, पण ते पुढं येईल. मी आपली मंडपवाल्याची घडीची लोखंडी खुर्ची. लग्न असो, बारसं असो, दहावा असो, सारख्याच इमानानं जाणारी.

माझा जन्म १९८९ सालचा, बारामतीतल्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानातला. नळी वाकवली, पत्रा कापला, रिबिटा ठोकल्या, वरून हिरवा रंग मारला, झाली खुर्ची. माझ्यासोबत दोनशे बहिणी होत्या. आम्हाला टेम्पोत भरून शेळगावला आणलं ते बिरदेवनं. बिरदेवचं घर मूळ मेंढरं राखणाऱ्यांचं. त्याचे वडील दत्तोबा सारी हयात कळपामागं हिंडलेले. पुढं चरायची रानं उसाखाली गेली, मेंढरं घेऊन जायचं कुठं असा प्रश्न पडला, तेव्हा बिरदेवनं कळप विकला आणि मंडपाचं सामान घेतलं. दत्तोबा आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी उठले, लाल रंगाचा डबा घेतला आणि मेंढराला खूण करावी तसा आम्हा प्रत्येकीच्या बुडाला एकेक ठिपका लावला. त्या दिवसापासून टेम्पो परत आला की म्हातारा दारात उभा राहून आम्हाला जोडी-जोडीनं मोजायचा. एक कमी भरली तर जेवायचा नाही.

आम्हा खुर्च्यांना बसलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही. माणूस आम्हाला कळतो तो पाठीवरून. नवरीचा बाप लग्नात पाठ टेकत नाही. मानपानवाला पाहुणा अशी टेकतो की जणू खुर्ची त्याच्या आईच्या माहेराहून आली आहे. बायका बसतात त्या काठावर, कुणी ऊठ म्हणेल याची तयारी ठेवून. आणि सासरा समोर असला तर सून बसतच नाही. मांडवात शंभर खुर्च्या रिकाम्या असोत, ती खांबाला धरून उभी राहील. कुणी बनवली ही रीत कोण जाणे, पण एकाही खुर्चीला कुणी विचारलं नव्हतं.

आता तो पडलेला माणूस. एका सभेत एक अवजड पाहुणे माझ्यावर बसले आणि भाषण रंगात आल्यावर मला मागच्या दोन पायांवर झुलवू लागले. मी दम धरला, धरला, आणि शेवटी माझ्या रिबिटांनी धीर सोडला. पाठीचा पत्रा एकीकडं, पाहुणे दुसरीकडं. लोक हसू दाबून धावले. पाहुण्यांना काही झालं नाही. माझी मात्र पाठ गेली, नुसती नळीची चौकट राहिली. बिरदेवनं मला गोदामाच्या कोपऱ्यात फेकलं आणि वर मोडक्या बांबूंचा ढीग आला. दोन वर्षं मी तशी पडून होते. रागावलेही होते, लपवत नाही.

त्या कोपऱ्यातून मला बाहेर काढलं करुणाबाईंनी. त्या शेळगावच्या शाळेत शिक्षिका, राहायला लासुर्ण्याला. चौऱ्याण्णव सालच्या झेंडावंदनाला खुर्च्या ठरवायला त्या गोदामात आल्या आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "बिरदेवभाऊ, ती पाठ नसलेली मला द्याल?"

बिरदेवला वाटलं बाई थट्टा करतायत. "बाई, चांगल्या ढीगभर असताना मोडकी कशाला?"

"मला मोडकीच पाहिजे. चांगलीची पाठ कापून घ्यावी लागते."

दारात बसलेले दत्तोबा हसले. "दे तिला. लंगडं मेंढरू कोन इकत न्हाय, देऊन टाकत्यात. पर बाई, ठिपका पुसायचा न्हाय."

अशी मी करुणाबाईंच्या योगवर्गात दाखल झाले. योग म्हणजे काय हे मला तोवर ठाऊक नव्हतं. शाळेच्या व्हरांड्यात, शाळा भरण्याआधी तासभर, गावातल्या सहा-सात बायका सतरंजीवर बसायच्या आणि माझ्याशी जे जे करायच्या ते पाहून पहिल्या दिवशी मी लाजले. कुणी माझ्या बैठकीवर हात टेकून मागं मागं सरकत जायची, पाठ पाटासारखी होईपर्यंत. कुणी जमिनीवर उताणी पडून पोटऱ्या माझ्यावर ठेवायची. कुणी माझ्यावर आडवी बसून चौकट धरून वळायची. माझ्यावर बसायचं सोडून बाकी सगळं! पण हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की पाठीचा पत्रा असता तर यातलं निम्मं जमलंच नसतं.

गावातले पुरुष पारावर हसत. दिवसभर उसात वाकणाऱ्या बायकांना आणखी कसला व्यायाम, म्हणत. करुणाबाई त्यावर बायकांना सांगायच्या, "कामात अंग वापरलं जातं. त्याची विचारपूस होत नाही. इथं आपण विचारपूस करायला येतो."

नवीन कुणी आली की बाई तिला आधी स्वतःची गोष्ट सांगायच्या. ती मी इतक्यांदा ऐकली आहे, की झोपेतही सांगेन. एक्क्याण्णव साली त्या बारामतीच्या रस्त्यावर लुनावरून पडल्या. फळ्यापुढं अर्धा तास उभं राहणं मुश्कील झालं. डॉक्टरांनी औषधं दिली आणि बारामतीतल्या मोहनरावांकडं पाठवलं. मोहनराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, रविवारी योग शिकवायचे. पहिल्या रविवारी बाई दाराला लागून बसल्या, पळून जाता यावं म्हणून. मोहनरावांनी ते ओळखलं. म्हणाले, "बसा तिथंच. पण दर रविवारी एक फरशी पुढं सरकायचं. सगळ्यात पुढच्या फरशीवर आलात, की तुमच्या गावात शिकवायला लागायचं."

"किती फरश्या व्हत्या, बाई?" बायका हटकून विचारायच्या.

"एकोणीस. आणि मला लागलं दीड वर्ष. कारण मी तीन पुढं गेले की दोन मागं यायची."

बायका हसायच्या आणि नवखीचे खांदे जरा खाली यायचे. त्यासाठीच तर ती गोष्ट होती.

एक गोष्ट मात्र बाईंनी एकदाच सांगितली. त्यांचे वडील श्रीपती हे साखर कारखान्यात कामाला होते. घराण्यानं छप्पन साली बुद्धाची वाट धरलेली. लेक रविवारी योग शिकायला जाते म्हटल्यावर शेजारपाजारचे बोलू लागले, तेव्हा श्रीपती तिला म्हणाले, "आमच्या बापजाद्यास्नी नुसतं वाकायचंच शिकीवलं व्हतं, पोरी. ताठ बसायचं कसं ते तू शिक. आन् जो येईल त्येला शिकीव, कोन हाय ते इचारू नगंस." हे सांगताना बाईंचा हात माझ्या चौकटीवर होता. मी लोखंडाची, पण त्या दिवशी मला भरून आलं.

आता म्हाळसाची गोष्ट. म्हाळसा म्हणजे बिरदेवची बायको, दत्तोबांची सून. मंडपाचं सामान टेम्पोत चढवणं-उतरवणं निम्मं तिच्याच कंबरेवर. पंच्याण्णवच्या दिवाळीनंतरच्या लग्नसराईत ती कंबर धरली ती सुटेना. उजव्या पायात मुंग्या यायला लागल्या. बारामतीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, नस दबली म्हणाले, ओझं बंद करायला सांगितलं. तीन महिने वाट बघू, नाहीतर ऑपरेशन. ऑपरेशन या शब्दानं म्हाळसाची झोप उडाली.

तिनं करुणाबाईंना गाठलं. एसटीच्या थांब्यावर गाठलं, नळावर गाठलं, शाळेच्या फाटकात गाठलं. "बाई, मलाबी घ्या की तुमच्यात." बाई म्हणायच्या, "आधी डॉक्टरांचा कागद आणा. मी कुणालाही डोळे झाकून वाकवत नाही." म्हाळसानं कागद आणला. बाई तो घेऊन रविवारी मोहनरावांकडं गेल्या, काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही ते विचारून आल्या, डॉक्टरांनाही दाखवलं. यात पंधरा दिवस गेले आणि ते पंधराही दिवस म्हाळसा बाईंच्या मागं होतीच.

शेवटी तो सोमवार उजाडला. बाईंनी म्हाळसाला माझ्यावर आडवी बसवली. चौकट धरायला सांगितली. तिची पाठ मला आजही आठवते, ताणलेल्या दोरासारखी. भीतीनं तिनं श्वासही धरून ठेवला होता. बाई मागं उभ्या राहून म्हणाल्या, "खांदे सोडा. आता पाठ सोडा." ती आणखीच आखडली. बाईंनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, "म्हाळसाबाई, पाठ सोडा! सोडा म्हणते ना पाठ!"

म्हाळसाचा हात माझ्या नळीवरून निघाला. ती सावकाश उठली, पदर नीट केला, चपला घातल्या आणि गेली. बाईंना वाटलं कळ आली असेल. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाईंनी निरोप धाडला, उत्तर आलं, "काम हाय." तीन महिन्यांतला पाऊण महिना असाच गेला.

मग एका सकाळी काठी टेकत दत्तोबा व्हरांड्यात आले. बायका पदर सावरून उठल्या. म्हातारा बाईंना म्हणाला, "बाई, आमच्या सुनंचा काय गुन्हा झाला? इतकं दिस तुमच्या मागं लागली, नको व्हती तर आदीच सांगायचं. चारचौघीत 'पाठ सोडा' म्हनायचं व्हय?"

बाईंनी तो सोमवार आठवून पाहिला. मग कळलं आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "आबा, अहो मी अंगाची पाठ म्हणत होते! सैल सोडा म्हणत होते!"

दत्तोबांनी दोन्ही अर्थ तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिले. "आँ? मग नीट बोलावं की मास्तरनीनं," म्हणाले आणि तेही हसले.

शाळा सुटल्यावर बाईंनी मला घडी घालून काखेत मारलं आणि थेट बिरदेवचं घर गाठलं. म्हाळसा भिंतीला धरून उभी होती. बाई तिच्यापुढं हात जोडून म्हणाल्या, "चूक माझी. शिकवणारीनं शब्द आधी तपासून घ्यावा. आता मात्र तुम्ही हाकललंत तरी मी तुमची पाठ सोडणार नाही." म्हाळसा रडली. इतके दिवस तिला कंबरेपेक्षा तोच शब्द जास्त दुखत होता, असं ती म्हणाली. कोणत्या तोंडानं पुन्हा जायचं, हेच तिला कळत नव्हतं.

बाईंनी तिला पुन्हा बसवून वळायला शिकवलं. "अंगाला हिसका द्यायचा नाही. श्वास अडकला की समजायचं, आपण हावरेपणा करतोय, तिथून थोडं मागं यायचं. आणि किती वळलं ते मोजायचं नाही. नुसतं बघायचं, आज मागचं कुठवर दिसलं."

म्हाळसानं वळून पाहिलं. "दाराची चौकट."

"झालं तर. आजची मजल दाराच्या चौकटीपर्यंत. रोज सकाळी करायचं. एक दिवस तासभर आणि मग आठ दिवस सुट्टी, असं नाही चालत. खुर्ची इथंच ठेवून जाते." बाईंनी मला ओसरीवर तशीच ठेवलं आणि एसटी गाठायला गेल्या.

आणि मी तिथं आठ दिवस नुसती पडून राहिले! कारण विचाराल तर ओसरीवर दत्तोबा बसलेले असत. त्यांची घोंगडी जमिनीवर, आणि सून त्यांच्यासमोर खुर्चीवर कशी बसणार? बाईंसमोर बसली ती म्हातारा परसात होता म्हणून. आत उचलून न्यावं तर खोल्यांत मंडपाचं सामान छतापर्यंत. म्हाळसा सकाळी यायची, माझ्या चौकटीवरून हात फिरवायची, सासऱ्याकडं बघायची आणि चुलीकडं जायची. रोज पहाटे तिची सोळा वर्षांची लेक छकुली आईच्या लुगड्याचा कासोटा खोचून द्यायची, कारण म्हाळसाचा हात मागं पोचत नव्हता. तेव्हा म्हाळसा भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. लेकीकडून कासोटा घालून घेणारी बाई कशी उभी राहते, ते मी पाहिलं आहे. मला ओरडावंसं वाटायचं, अगं बस ना माझ्यावर! पण लोखंडाला कुठला आवाज?

दत्तोबांना डोळ्यांनी कमी दिसत होतं, पण ध्यान चोख होतं. आयुष्यभर मुक्या जनावरांचं दुखणं ओळखलेला माणूस तो. नवव्या दिवशी म्हाळसा माझ्याजवळ येऊन थबकली, तसे ते उठले. आपली घोंगडी उचलली, ओसरीच्या पार टोकाला, माझ्या मागं नेली, आणि तिकडं अंथरून उसाच्या रानाकडं तोंड करून बसले.

"मामा, ऊन येतंय तितं," म्हाळसा म्हणाली. सासऱ्याला ती मामा म्हणायची.

"येऊ दे. मला हिकडं बघायचं हाय. तुझं झालं की सांग, तवर म्या वळत न्हाय."

सासऱ्यानं सुनेकडं पाठ फिरवली, असं लोक वाईट अर्थानं म्हणतात. मी सांगते, त्या म्हाताऱ्यानं पाठ फिरवली तेवढा मान त्या घरात सुनेला कधी कुणी दिला नव्हता. म्हाळसा उभीच राहिली थोडा वेळ. मग माझ्यावर बसली. आधी काठावर, मग पुरती.

त्यानंतर एक दिवस चुकला नाही. म्हाळसा मोठ्यानं आकडे म्हणायची, बाईंनी शिकवल्याप्रमाणे. पाचपर्यंत श्वास, पाचपर्यंत उच्छ्वास. मग डावीकडं, मग उजवीकडं. मग पोटऱ्या माझ्यावर ठेवून जमिनीवर पडायची. गोळ्या चालू होत्या, ओझं बंद होतं. बाई दर शनिवारी यायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या. दोन आठवडे म्हाळसा दाराच्या चौकटीपुढं गेली नाही. मग एकदा म्हणाली, "रांजन दिसला." महिना भरता भरता खुंटीवरची पिशवी दिसली. मध्ये एकदा कळ आली आणि पुन्हा दाराच्या चौकटीवर आली, तेव्हा ती रडली. बाईंनी तिला एकोणीस फरश्यांची गोष्ट सांगितली.

तीन महिने भरले. म्हाळसा आणि बिरदेव बारामतीला गेले. मी ओसरीवर, दत्तोबा दारात. संध्याकाळी ती परत आली ती चालत, बिरदेवच्या पुढं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, आत्ता ऑपरेशन नको, जे चाललंय ते चालू ठेवा, ओझं मात्र जपून. दुसऱ्या दिवशी पहाटे छकुली आईजवळ गेली, तर म्हाळसानं तिला हातानं बाजूला केलं आणि कासोटा आपला आपण खोचला. छकुली तिथंच उभी राहून बघत होती. मीही बघत होते. एवढ्याशा गोष्टीचं काय कौतुक, असं ज्याला वाटेल त्याची कंबर अजून धरलेली नाही.

हे सगळं झालं त्याला आठवडा झाला. आता माझं वय सात. हिरवा रंग पोपडे धरून निघतोय, एक पाय जरा आखूड झालाय, खाली चिंधी बांधली आहे. उद्या बाई मला परत शाळेच्या व्हरांड्यात नेणार आहेत. सांगवीची कुणी बानूबाई येणार आहे, गुडघे धरलेली, म्हणते माझ्यानं काही होणार नाही. बानूबाई, आणि तुमच्यासारख्या नव्यानं येणाऱ्या सगळ्याजणी, मला घाबरू नका. लाज वाटली तर दाराजवळ बसा. शेजारणीला किती जमतंय ते बघू नका, तिला तिचं बघू द्या. एखादा शब्द लागला तर उठून जाण्याआधी एकदा विचारा, बाई, याचा अर्थ काय? म्हाळसाचा पाऊण महिना गेला, तुमचा जायला नको.

या घराचा निरोप घेताना मला आज सकाळचं तेवढं सांगायचं आहे. रोजच्याप्रमाणे दत्तोबांनी घोंगडी टोकाला नेली आणि पाठ करून बसले. रोजच्याप्रमाणे म्हाळसा माझ्यावर बसली, चौकट धरली, मोठ्यानं आकडे म्हणत उजवीकडं वळली. दाराची चौकट गेली, रांजण गेला, खुंटी गेली. आज तिची मान त्याच्याही पुढं गेली, आणि पहिल्यांदाच तिला ओसरीचं टोक दिसलं.

तिचे आकडे थांबले. तिला जे दिसलं ते मी इतके दिवस रोज पाहत आले होते, पण सांगणार कुणाला? घोंगडीवर मांडी घालून बसलेले दत्तोबा, दोन्ही हात उजव्या गुडघ्यावर टेकून, उजवीकडं वळलेले. बंडीची पाठीवरची शिवण तिरकी झालेली. म्हातारा पुढच्या आकड्याची वाट बघत तसाच थांबला होता. सुनेच्या आवाजावर तो रोज तिच्यासोबत वळत होता. फक्त जोर फार लावायचा, त्यामुळं खांदे कानाला लागायचे.

म्हाळसा हसली नाही. उठलीही नाही. माझ्यावर बसल्याबसल्या तिनं एक मोठा श्वास घेतला. या घरात आल्यापासून तिनं सासऱ्याला कधी असं करा म्हणून सांगितलं नव्हतं, बोलली होती तेही पदराआडून. ती म्हणाली, "मामा, खांदं खाली सोडा. एवढा जोर लावू नगा."

दत्तोबांनी मागं वळून पाहिलं नाही. "व्हय," म्हणाले, आणि दोन्ही खांदे खाली घेतले.